ध्येयाच्या रकान्यात काय लिहू? हाय इंटेन्सिटी ग्रुप वर्कआउट करणाऱ्यांनो, खरं कारण सांगा

तळ्याकाठची | सोमवार, सकाळी ८:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते.

मी पाचपाखाडीत राहते. कचराळी तलावाजवळ सकाळी सहाची एक बॅच आहे, तिथे गेलं वर्षभर जातेय. पंचेचाळीस मिनिटं, आठ स्टेशन्स, प्रत्येक ठिकाणी ४० सेकंद जीव खाऊन करायचं आणि २० सेकंद दम घ्यायचा, बझर वाजला की पुढचं स्टेशन. असे तीन राउंड. केटलबेल (कडीचं लोखंडी वजन), बर्पी (खाली बसून पाय मागे टाकायचे आणि परत उठायचं), जाड दोर, बॉक्स, सगळं येतं त्यात. आम्ही पंधरा-सोळा जण असतो, सगळ्यात लहान २४ चा आणि मोठ्या बाई साठीच्या. आमच्याकडे एक नियम आहे, शेवटच्या माणसाचा शेवटचा सेट होईपर्यंत कोणी आपली मॅट गुंडाळायची नाही.

आज वर्षाची फी भरायला गेले तर कोचने फॉर्म दिला. नाव, वय, रक्तगट, जुनी दुखणी, आणि मग 'तुमचं ध्येय'. गेल्या वर्षी मी तिथे झोकात लिहिलं होतं 'आठ किलो कमी करणे'. वर्षात अडीच किलो कमी झालं. म्हणजे हिशोबाने मी नापास, मला जायचं बंद करायला हवं होतं ना? पण मी तर जुलैत रस्त्यावर पाणी असताना सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून गेलेय. सुट्टीच्या दिवशी पाच वाजता आपोआप जाग येते आणि बॅच नाही हे आठवून वाईट वाटतं. मग मी नक्की कशासाठी जाते? पेन हातात धरून पाच मिनिटं उभी होते, काही सुचेना, शेवटी उद्या देते म्हणून फॉर्म पर्समध्ये टाकला.

तर तुम्ही का जाता? 'तब्येतीसाठी' असं मोघम नको, पहाटे अंथरुणातून खरोखर जे ओढून काढतं ते सांगा.

पामबीच_पहाट | सोमवार, ८:४२

माझं सोपं आहे, भीती. नेरूळला राहते, आई-बाबा दोघंही मधुमेही. मी ३६ ची असताना ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. आईच्या पायाच्या जखमेचं ड्रेसिंग मी सहा महिने केलंय, त्यामुळे तो आकडा बघून मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या आठवड्यात ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेच्या इथल्या ग्रुपला लागले. दीड वर्षाने ५.६ आलं, अर्थात भात पण निम्म्यावर आणला, सगळं श्रेय व्यायामाचं नाही.

लोक म्हणतात भीतीने केलेलं टिकत नाही. माझं चौथं वर्ष आहे.

सूर्यनमस्कारी | सोमवार, ९:१५

मला हे कळत नाही की महिन्याला तीन-साडेतीन हजार मोजून उड्या कशाला मारायच्या. आमच्या वडिलांच्या पिढीने तालमीत जोर-बैठका काढल्या, मल्लखांब केला, लाल मातीत घाम जिरवला, एक पैसा लागत नव्हता. सूर्यनमस्काराला सहा फूट जागा आणि एक सतरंजी पुरते. आणि ते म्युझिक! आमच्या बिल्डिंगच्या खाली असाच एक क्लास आहे, सहा वाजता धाडधाड सुरू होतं, आमची नात दचकून उठते.

तळ्याकाठची | सोमवार, ९:३१

काका, म्युझिकचं तुमचं अगदी बरोबर आहे. आमच्याकडे पण वरच्या मजल्यावरच्या आजींनी तक्रार केली होती, तेव्हापासून सातच्या आधी स्पीकर बंद, नुसता बझर, तोही हळू. तुम्ही त्या क्लासवाल्यांशी एकदा बोलून बघा, ऐकतात बहुतेक.

पामबीच_पहाट | सोमवार, ९:३५

काका तुम्ही रोज किती घालता?

सूर्यनमस्कारी | सोमवार, ९:५०

५१. वय ६६. रथसप्तमीला १०८.

पामबीच_पहाट | सोमवार, ९:५२

_/\_ साष्टांग नमस्कार, तोही बावन्नावा.

रात्रपाळी | सोमवार, ११:०५

रात्रपाळीवरून येऊन वाचतोय. मी मूळचा लातूरचा, ऐरोलीला आयटीत आहे. घणसोलीत तिघं मिळून फ्लॅट घेतलाय पण तिघांच्या शिफ्ट वेगळ्या, कधीकधी आठवडा जातो आणि आमची एकमेकांशी गाठ पडत नाही, फक्त सिंकमधल्या कपावरून कळतं की कोणीतरी येऊन गेलंय. दोन वर्षांपूर्वी एकदा लक्षात आलं की रविवारी सकाळपासून सोमवार संध्याकाळपर्यंत मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. जेवण पण ॲपवरून, पैसे स्कॅन करून, बोलायचं कारणच नाही.

मग संध्याकाळी पाचच्या बॅचला लागलो. पहिल्या दिवशी कोचने फळ्यावर माझं नाव लिहिलं, आणि तिसऱ्या राउंडला मी बसायला लागलो तेव्हा मागून कोणीतरी त्या नावाने हाक मारली, 'अरे दोनच राहिलेत'. आईचा फोन सोडला तर त्या आठवड्यात माझं नाव कोणी घेतलेलं तेवढंच. मी त्यासाठी जातो. माझे दंड वगैरे काही खास वाढले नाहीत. फॉर्ममध्ये हे लिहिता येणार नाही पण तुम्ही खरं विचारलंत म्हणून सांगितलं.

खारघरची_काकू | सोमवार, ११:४०

रात्रपाळी, बाळा, खारघरला कधी आलास तर जेवायला ये. खरंच सांगतेय.

आता माझं. वय ६३. ५८ व्या वर्षी गौरीच्या जेवणाला पाटावर बसले आणि उठता येईना. बाजूला माझी धाकटी जाऊ, तिने हात दिला, सुनेने पाठीमागून धरलं, आणि पंगतीत सगळ्या बायका बघत होत्या. कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं. त्याच वर्षी हाडांची तपासणी केली तर घनता कमी निघाली, डॉक्टर म्हणाले नुसतं चालून भागणार नाही, वजन उचला. सेंट्रल पार्कच्या बाजूला बायकांची बॅच आहे तिथे गेले. बाकीच्या बॉक्सवर उडी मारतात, मी पाय ठेवून चढते-उतरते. बर्पी मी भिंतीला हात लावून करते. पण माझ्या ४० सेकंदात मी थांबत नाही.

आता पाटावरून हात न टेकता उठते. गेल्या गौरींना मुद्दाम पहिल्या पंगतीला बसले.

घोडबंदरवाला | सोमवार, दुपारी १:२०

काकू, काय लिहिलंत! तुमचं वाचून मला पण लिहावंसं वाटलं.

वडिलांना पार्किन्सन्स आहे, आमच्याकडेच असतात. दोन वर्षांपूर्वी रात्री दोनला बाथरूममध्ये पडले. लागलं काही नव्हतं, पण उठता येत नव्हतं आणि मला त्यांना उचलता येत नव्हतं. ६८ किलोचा माणूस. मी ४३ चा धडधाकट दिसणारा, काखेत हात घालून ओढतोय, लादी ओली, ते मला म्हणतायत 'राहू दे रे, मी बसतो इथेच, सकाळी बघू'. शेवटी खालून वॉचमनला बोलावलं. तो माझ्यापेक्षा किरकोळ शरीराचा, बिहारमधल्या शेतात वाढलेला, त्याने एका झटक्यात बाबांना उभं केलं. बाबांनी त्याला 'थँक यू बेटा' म्हटलं. मी टॉवेल हातात घेऊन दारात उभा होतो.

त्याच आठवड्यात मी आमच्या कॉम्प्लेक्समधल्या ग्रुपला नाव घातलं. कोचला सांगितलं मला सिक्स पॅक नकोत, जमिनीवरून ७० किलो उचलायचेत, कधीपर्यंत जमेल. तो म्हणाला घाई केली तर पाठ जाईल, सहा महिने दे. आठ लागले. ते हिट (हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग, थोडा वेळ जोरात, थोडा दम) वगैरे त्या डेडलिफ्टच्या, म्हणजे जमिनीवरून वजन उचलण्याच्या, मागून आलं, कारण उचलणं एक आणि दोन वाजता झोपेतून उठून धावत जाऊन दम न लागता उचलणं वेगळं. त्यानंतर बाबा तीनदा पडलेत. तिन्ही वेळा वॉचमनला उठवावं लागलं नाही.

फिजिओताई | सोमवार, २:०५

घोडबंदरवाला, तुमचा प्रतिसाद वाचून दोन मिनिटं थांबले. पण एक सांगू का, रागावू नका. पडलेल्या माणसाला काखेत हात घालून कधीच ओढू नका, त्यांचा खांदा निखळू शकतो आणि तुमची कंबर जाते, कितीही डेडलिफ्ट येत असली तरी. आधी घाई न करता विचारा कुठे दुखतंय, मांडी-कमरेत कळ असेल किंवा डोक्याला लागलं असेल तर हलवायचं नाही, रुग्णवाहिका. काही नसेल तर त्यांना कुशीवर वळवा, मग हात आणि गुडघ्यांवर येऊ द्या, समोर एक भक्कम खुर्ची, तिच्यावर हात ठेवून एक पाऊल पुढे टेकवायचं, आणि जोर लावून उठताना तुम्ही मागून दुसरी खुर्ची सरकवायची. त्यांची स्वतःची ताकद जितकी वापरली जाईल तितकं बरं. ठाण्यात माझे निम्मे पेशंट हे आई-वडिलांना उचलून कंबर धरलेले चाळिशीतले मुलगे आहेत.

मूळ विषयावर नंतर येते, पेशंट आहे.

घोडबंदरवाला | सोमवार, २:१८

रागावू कशाला ताई, उलट आभार. खुर्चीची युक्ती माहीत नव्हती. आज रात्री बाबा ठणठणीत असतानाच एकदा करून बघतो दोघं मिळून.

एकला_धावक | सोमवार, ४:३०

सगळे एका सुरात बोलतायत म्हणून मुद्दाम वेगळं लिहितो. मला ग्रुप नको.

तीन वर्षांपूर्वी बायकोच्या आग्रहाने एका नावाजलेल्या ठिकाणी गेलो होतो, नाव घेत नाही. वजन तेव्हा ९८. तिथे दर शनिवारी वजन करून भिंतीवरच्या बोर्डावर लिहायचे, नावासकट. आणि वर्कआउटमध्ये मी अर्थातच शेवटचा. सगळ्यांचं संपलं की गोल करून उभे राहायचे आणि टाळ्या वाजवायचे, 'कम ऑन सर, यू कॅन'. त्यांचा हेतू चांगलाच असणार. पण मधे मी, टीशर्ट पोटावरून वर सरकलेला, आणि भोवती अठरा माणसं टाळ्या वाजवतायत. मला शाळेतला पीटीचा तास आठवायचा. सातव्या आठवड्यात बंद केलं, फी गेली.

आता पहाटे उपवनला गाडी लावतो आणि येऊरच्या चढावर धावतो. दोन मिनिटं जोरात, दोन मिनिटं चालत, असं आठ वेळा. तीच तीव्रता, प्रेक्षक नाहीत. वजन ८१. मला माझं एकटं असणं आवडतं, दिवसभर माणसांतच असतो.

जुना_गोविंदा | सोमवार, ५:१०

धावक, बोर्डावर वजन लिहिणं हे चूकच, त्याला माझा पण विरोध.

पण अंधारात एकटे येऊरला नका जाऊ हो, नॅशनल पार्कचा भाग आहे, बिबट्याचा वावर आहे तिथे. उजाडू द्या आधी.

एकला_धावक | सोमवार, ५:१४

उजाडल्यावरच जातो दादा. माकडं असतात फक्त, ती टाळ्या वाजवत नाहीत :)

जुना_गोविंदा | सोमवार, ५:४५

मी ठाण्याचा, नौपाड्याचा, वय ५२. वयाच्या सोळाव्या वर्षापासून दहीहंडीच्या पथकात होतो, आधी वरती, मग अंग भरलं तसा खाली येत येत शेवटी तळाच्या थराला. गुरुपौर्णिमेपासून सराव सुरू. रात्री नऊ-दहाला कामावरून आलेले सगळे मैदानात, कोणी पोर्टर, कोणी बँकेत, कोणी कॉलेजात. २०१२ ला ठाण्यातच जोगेश्वरीच्या जय जवानने नऊ थर लावले, ४३.७९ फूट, गिनीजमध्ये नोंद झाली, तेव्हा मी गर्दीत उभा राहून रडलो होतो. आमचं पथक नव्हतं तरी.

तळाला उभं राहिल्यावर काय होतं ते सांगतो. खांद्यावर माणूस, त्याच्या खांद्यावर माणूस. मान खाली, समोर फक्त शेजाऱ्याची छाती दिसते. पाय थरथरायला लागतात. एकट्याने तेवढं वजन घेऊन उभं राहायचं म्हटलं तर दहाव्या सेकंदाला मी सोडलं असतं, पण तिथे सोडायचं म्हणजे वर सातव्या थरावर कोणाचं तरी आठ-दहा वर्षांचं पोर चढत असायचं तेव्हा. आता कायद्याने लहान पोरांना चढवायला बंदी आहे, ते चांगलंच झालं. पण ते न सोडणं माझ्या अंगात बसलं.

मग लग्न, डोंबिवलीची नोकरी, गुडघा, सगळं सुटलं पंधरा वर्षं. मुलीने आणलं मला या बॅचला. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मिळून एकत्र प्लँक (हात आणि पायाच्या बोटांवर अंग ताठ) धरायचा होता, एकाने सोडला की सगळ्यांचं घड्याळ पहिल्यापासून. माझ्या डाव्या हाताला एक बारीकशी पोरगी, तिचे दंड लटलट हलत होते. मी तिला काही बोललो नाही, तिनेही मला नाही. दोघांनीही धरला.

मी यासाठी जातो की माझ्यावर कोणीतरी उभं आहे असं मला वाटायला हवंय.

वाचनमात्र | सोमवार, ६:२०

जुना_गोविंदा, शेवटची ओळ तीनदा वाचली.

आकडेमोड | सोमवार, रात्री ९:००

गोविंदादादांनी जे लिहिलंय ते प्रयोगात मोजलं गेलंय. १९२० च्या दशकात जर्मनीत ओट्टो क्योलर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी बर्लिनच्या रोइंग क्लबातल्या लोकांना वजन उचलून दमेपर्यंत हात हलवायला लावले, आधी एकेकटं, मग दोघांना मिळून एकच दांडा. एकाने सोडला की दुसऱ्याला पण तो पेलणार नाही अशी रचना. तर त्या जोडीत जो कमकुवत होता तो एकटा असतानापेक्षा जास्त वेळ टिकला. त्यातही दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असला तर परिणाम सगळ्यात जास्त. फारच तगडा जोडीदार दिला तर नाही, आणि अगदी बरोबरीचा दिला तरी नाही.

दुसरं, ऑक्सफर्डच्या १२ नावाड्यांवरचा एक प्रयोग आहे, २०१० च्या आसपासचा. रोइंग मशीनवर ४५ मिनिटं, एकदा एकट्याने आणि एकदा सगळ्यांनी एका लयीत. मग दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळत जायचा आणि कधी दुखतंय ते विचारायचं. श्रम तेवढेच, पण एकत्र केल्यावर दुखणं सहन करायची ताकद खूपच जास्त निघाली. एंडॉर्फिनमुळे असावं असा त्यांचा तर्क होता.

आणि सूर्यनमस्कारी काका, बर्पीला नावं ठेवू नका, ते एका माणसाचं आडनाव आहे. रॉयल बर्पी, न्यूयॉर्कचे, त्यांनी तंदुरुस्ती मोजायची साधी चाचणी म्हणून ते बसवलं होतं. मूळ प्रकारात ना पुशअप होता ना उडी. बसा, पाय मागे, पाय पुढे, उठा. म्हणजे तुमच्या सूर्यनमस्काराच्या बराच जवळचा.

सूर्यनमस्कारी | सोमवार, ९:४०

हे माहीत नव्हतं. दिवसभर धागा वाचतोय आणि एक कबूल केलं पाहिजे. घरी एकट्याने ५१ घालताना चाळिसाव्याला मी घड्याळाकडे बघतो. रथसप्तमीला मैदानावर दीडशे माणसं असतात, एक जण मंत्र म्हणतो, सगळ्यांच्या पाठी एकदम वाकतात. तिथे १०८ कधी होतात कळत नाही. मी इतकी वर्षं ते सूर्याचं देणं समजत होतो. असेलही. पण शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू येत असतो हेही खरं.

पैशाबद्दलचं मत मात्र कायम आहे.

फिजिओताई | सोमवार, १०:१५

आता मूळ विषय. एक चिंता व्यक्त करते कारण या धाग्यावरून उद्या दहा जण बॅच शोधायला निघतील.

आकडेमोड यांनी टबाटाचा उल्लेख केला नाही, मी करते, कारण दर दुसऱ्या क्लासच्या पाटीवर ते नाव असतं. जपानचे इझुमी टबाटा, १९९६ चा अभ्यास, २० सेकंद काम, १० सेकंद विश्रांती, सात-आठ फेऱ्या, जेमतेम चार मिनिटं. पण ते सायकलवर होतं, ती मुलं तरुण आणि खेळाडू होती, आणि जोर इतका की शेवटच्या फेरीनंतर पुढे करताच येऊ नये. बारा तास खुर्चीत बसणाऱ्या पंचेचाळिशीच्या माणसाने पहिल्या दिवशी तो प्रकार वजन हातात घेऊन करायचा नसतो.

खरी तीव्रता असेल तर आठवड्यातून दोन ते तीन दिवस पुरे, मधे एक दिवसाचं अंतर. रोज होत असेल तर बहुतेक वेळा ते तितकं तीव्र नसतं, आणि असेल तर तुम्ही लवकरच माझ्याकडे येणार आहात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम आहे, शिवाय दोन दिवस स्नायूंसाठी. म्हणजे उरलेले दिवस चाला की तलावपाळीला, मस्त आहे. चाचणी सोपी, मध्यम असेल तर बोलता येतं पण गाता येत नाही, जोरकस असेल तर दोन-चार शब्दांवर श्वास घ्यावा लागतो.

चाळिशीच्या पुढे असाल, बीपी-शुगर असेल, घरात हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. छातीत, जबड्यात, डाव्या हातात काही वाटलं की त्याच क्षणी थांबायचं, बझर गेला खड्ड्यात. आणि खूप दिवसांनी अति केल्यावर अंग प्रमाणाबाहेर दुखून लघवी चहासारखी गडद झाली तर घरी थांबू नका, स्नायू फुटून किडनीवर येतं ते.

मी स्वतः का करते? दिवसभर मी लोकांच्या दुखऱ्या शरीरांना हात लावते. मला थोडा वेळ न दुखणारी शरीरं बघायची असतात.

वाचनमात्र | सोमवार, रात्री ११:५०

सात वर्षं हे सगळं वाचतेय, आजच पहिल्यांदा लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे मिस्टर २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. कोविड. वाशीला राहते. मुलगा तेव्हा बारावीत. वर्षभर मी सगळं केलं, बँका, विमा, त्याची ॲडमिशन, ऑफिस. रडायला वेळ नव्हता आणि नंतर रडू येईना. डोकं सतत चालू, झोपेत पण याद्या. बहिणीने जबरदस्ती सागर विहारच्या ग्रुपला नेलं.

तिथे दुसऱ्या महिन्यात एकदा माउंटन क्लाइंबर करत होते, हात जमिनीवर, डोकं खाली, आणि काही कारण नसताना सुरू झालं. थांबेचना. पण मी करत राहिले, पाय चालू होते. शेजारच्या मॅटवर एक बाई, त्यांचं नाव पण मला माहीत नव्हतं, त्यांनी स्वतःचं थांबवलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही, पुढच्या २० सेकंदांच्या विश्रांतीत त्यांचा नॅपकिन माझ्या मॅटवर सरकवला. निळ्या चौकटीचा, खादीचा. बझर झाला, परत सुरू. क्लास संपल्यावर मी धुऊन देते म्हणाले तर म्हणाल्या राहू दे तुझ्याकडे, परत लागेल.

परत लागला पाच-सहा वेळा. आता नाही लागत, पण मी पिशवीत ठेवते.

मी जाते कारण त्या पाऊण तासात डोक्यातली यादी बंद पडते. श्वास मोजायला एवढं लागतं की बाकी कशाला जागा उरत नाही. एवढंच.

खारघरची_काकू | मंगळवार, पहाटे ५:१५

वाचलं गं. बॅचला निघालेय. आज तुझ्या नावाचा एक राउंड जास्त.

रात्रपाळी | मंगळवार, ५:४०

माझाही.

तळ्याकाठची | मंगळवार, सकाळी ८:२५

काल रात्री सगळं वाचून काढलं आणि काहीच लिहिता आलं नाही. वाचनमात्र ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत.

माझं कारण मला आज चौथ्या स्टेशनला सापडलं, बहुतेक. मी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. दिवसभर ठरवायचं. हे मंजूर, हे नामंजूर, याला अजून कागद मागा. घरी आले की भाजी कोणती, सासूबाईंची डोळ्यांची अपॉइंटमेंट कधी, मुलीच्या क्लासचं काय, गॅस कधी लावायचा. सगळे मलाच विचारतात आणि मी सगळ्यांना उत्तरं देते. सहा ते पावणेसात कोणी मला काही विचारत नाही. ४० सेकंद हे कर म्हणतात, मी करते. थांब म्हणतात, थांबते. उचललं की उचललं, त्याला कोणाची मंजुरी लागत नाही.

एकला_धावक | मंगळवार, ९:०५

पण मग तो घरापासून सुटका करून घेण्याचा प्रकार झाला ना? वाईट अर्थाने नाही म्हणत. मी पण तेच करतो येऊरला.

तळ्याकाठची | मंगळवार, ९:२०

हो, थोडं आहे तसं. नाकारत नाही. पण सुटकाच हवी असती तर मी गादीवर पडून मोबाइल बघितला असता, तो प्रयोग पण करून झालाय. त्यानंतर घरात जास्त चिडचिड व्हायची. इथून आल्यावर भाजी कोणती विचारलं की राग येत नाही, नवऱ्याने पण नोंदवलंय हे.

घोडबंदरवाला | मंगळवार, ९:४५

अपडेट: काल रात्री बाबा आणि मी खुर्चीची प्रॅक्टिस केली. बाबांना मजा वाटली, दोनदा करायला लावलं, म्हणाले माझी पण बॅच सुरू झाली. फिजिओताई, जिवंत राहा.

पामबीच_पहाट | मंगळवार, १०:००

तळ्याकाठची, फॉर्मचं काय झालं पण? ध्येयात काय लिहिलंत?

तळ्याकाठची | मंगळवार, १०:१२

'आठवड्यातून तीन दिवस येणे.' फिजिओताईंमुळे तीन, नाहीतर मी सहा लिहिणार होते. कोच म्हणाली हे ध्येय नाही, ही हजेरी आहे. मी म्हटलं असू दे, माझ्या रकान्यात एवढंच मावतं.

एकला_धावक | मंगळवार, १०:४०

रविवारी तुमची बॅच उपवनला असते ना, बाहेरची? गेल्या महिन्यात धावताना बघितली होती, आठ-दहा जण, पिवळे टीशर्ट. वजन कोणी विचारणार नसेल तर एकदा यायचा विचार आहे. पण मी शेवटचा असणार, दोर आणि पुशअप मला येतच नाहीत. तुमचं झालं की तुम्ही निघा, माझ्यासाठी थांबू नका.

तळ्याकाठची | मंगळवार, १०:४८

हो, रविवारी सकाळी साडेसहा, उपवन तलावाच्या गेटपाशी. पाण्याची बाटली, नॅपकिन आणा, दोन तास आधी काही जड खाऊ नका. गुडघ्याचं काही असेल तर कोचला आधीच सांगा, ती बदलून देते. वजन कोणी विचारत नाही, वजनकाटाच नाही आमच्याकडे.

टाळ्या नाही वाजवणार. मी सगळ्यांना सांगून ठेवते. पण मॅट कोणी गुंडाळणार नाही, ते मात्र माझ्या हातात नाही.